मागचं डावं चाक

उषा, तुझ्या गाडीच्या टायरमधली हवा कोण सोडत होतं ते कळलं. कुणीच सोडत नव्हतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुला गोष्टीचा शेवट आधी लागायचा. मी गाडीत बसून काही सांगायला लागले की तू गिअर बदलता बदलता म्हणायचीस, "शैले, शेवट सांग, मग तुझं वर्णन ऐकते." तर शेवट हा असा आहे. आता बाकीचं ऐक. या वेळी मला मध्येच तोडायची सोय तुला नाही.

शाळेत तुझी शोकसभा झाली. मराठीची बाई म्हणून मलाच बोलायला उभं केलं. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले, म्हणजे मी बरं बोलले असणार. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. माझ्या डोक्यात सगळा वेळ तुझ्या गाडीचं मागचं डावं चाक होतं. तू जाताना माझ्यावर एकच काम टाकून गेलीस. शेजारच्या आबांची माफी मागायची की नाही, ते त्या चाकावर ठरणार होतं. ते काम होत नव्हतं तोवर मला तुझ्यासाठी नीट रडताही येत नव्हतं. नुसता घसा दुखायचा.

आपला रस्ता आठवतो ना? तू इंदापूरहून निघायचीस आणि मी कळंबहून ह्यांच्या मोटरसायकलवर जंक्शनच्या चौकात येऊन उभी राहायची. तिथून लासुर्णे, भवानीनगर आणि मग बारामती. कितीतरी वर्षं हाच रस्ता आपण एसटीच्या दांड्याला लोंबकळून केला, तू विज्ञानाच्या वह्यांची पिशवी पोटाशी धरून, मी मराठीच्या. मग तू गाडी घेतलीस. चालवायला शिकलीस चाळिशी उलटल्यावर. सुरुवातीला उसाच्या ट्रॉलीमागे अशी चिकटून चालवायचीस, की ओव्हरटेक करायचा धीर येईपर्यंत कारखाना यायचा आणि ट्रॉली आपणहून आत वळायची. तू म्हणायचीस, "बघ, गेली की नाही बाजूला?" मी पदराआड हसायची. तुला ते दिसायचं, कारण तुझा आरसा कायम माझ्याकडे वळलेला असायचा.

नवी गाडी घेऊन तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस, तो दिवस आता मी पुन्हा पुन्हा आठवते आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताट घेऊन तयारच होत्या. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं. एवढं तू चालवून घेतलंस. नारळाला तर तू कधीच नाही म्हटलं नाहीस, खोबरं आवडायचं तुला. पण आत्याबाईंनी पुढच्या बंपरला लावायला काळी बाहुली काढली तेव्हा तू ती त्यांच्या हातात परत ठेवलीस. "आत्याबाई, नजरबिजर काही लागत नाही, असं मी पोरांना शिकवते. उद्या ही बाहुली बघून पोरं मलाच प्रश्न विचारतील." बाहुली त्यांनी कनवटीला खोचली. आपण दोघी चहाला आत गेलो, आणि त्या ताट घेऊन बाहेरच राहिल्या. उषा, एवढंच लक्षात ठेव, त्या बाहेर राहिल्या होत्या.

काही महिन्यांनी ते चाक बसायला लागलं. एकदम नाही. सकाळी तू निघालीस की गाडी जराशी डावीकडे कलल्यासारखी वाटायची. लासुर्ण्याच्या पंक्चरवाल्या दत्तूकडे हवा भरायची, चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. दत्तूने चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवलं, एक बुडबुडा आला नाही. खिळा नाही, काटा नाही. हवा भरायची ती रबरी नळी, तो व्हॉल्व्ह त्याने बदलला. काही दिवस बरं झालं आणि पुन्हा बसायला लागलं. पुन्हा बदलला. पुन्हा तेच. दत्तू डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, टायर एकदम कोरा हाय. हवा जातिया कुठनं, मलाच कळंना."

मग आपले वाद सुरू झाले. माझं म्हणणं, समोरून ट्रॉली आली की तू घाबरून गाडी खडीवर उतरवतेस, त्यात रिम कुठेतरी चेपली असणार. तू म्हणायचीस, डाव्या बाजूला मी बसते, ते वजन सांगायला दत्तूला लाज वाटत असेल. भवानीनगरपर्यंत मी रुसायची. बारामतीत शिरता शिरता तू डबा पुढे करायचीस, आणि त्यात मला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी असायची. रुसवा तिथे संपायचा.

आणि पळसदेव. उजनी धरणाचं पाणी उतरलं, जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा एका रविवारी आपण बघायला गेलो होतो. परत निघताना बघतो तर चाक जमिनीला टेकलेलं. तू गाडीचं पुस्तक उघडून पान पान वाचत होतीस आणि मी हातात पाना धरून उभी. नट सुटेना म्हणून तू पान्यावर उभी राहून उड्या मारल्यास. स्टेपनी बसल्यावर तू त्या चिखलाने माखलेल्या चाकावरच बैठक मारलीस आणि आपण काठावर घेतलेले तळलेले मासे तिथेच संपवले. तुझ्या हाताला ग्रीस, तोंडाला तिखट. तू म्हणालीस, "शैले, गाडी बंद पडली नसती तर आपण मासे घरी नेले असते, आणि घरच्यांनी खाल्ले असते." त्या चाकाचा माझ्यावर हा एक उपकारच आहे.

पण पुढे त्या चाकाने तुझी मजा घालवली.

तुझ्या दाराशी उघडं गटार, म्हणून गाडी तू आबांच्या कंपाउंडच्या भिंतीला लावायचीस, डावी बाजू भिंतीकडे. आबा कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. पहाटे उठणार, अंगण झाडणार, गेटात उभे राहणार. भिंतीचा रंग जातो म्हणून त्यांनी एकदा-दोनदा कुरकुर केली होती. तेवढंच, बाकी काही नाही. मग एका सकाळी तुला खिडकीतून दिसलं, की भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत आबा उकिडवे बसलेत, मागच्या डाव्या चाकापाशी. तू तशीच बाहेर गेलीस.

"आबा, काय करताय?"

"हवा बघत हुतो, बाई."

"बघत होता का सोडत होता?"

आबा उठले, पंच्याला हात पुसले आणि आत गेले. त्यानंतर तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. दाराला लागून दार, आणि रोज सकाळी तू मान दुसरीकडे करून गाडीत बसायचीस. वर झालं असं, की त्या दिवसानंतर टायर आणखी लवकर बसायला लागला. तू मला चौकातच ऐकवलंस, "बघ. आता तर उघड सूड."

मी म्हणायची, अगं म्हाताऱ्या माणसाला काय पडलंय. तू म्हणायचीस, मला पुरावा दे. आणि पुरावा तुझ्याकडेच होता. दिवाळीत आबा मुलाकडे पुण्याला गेले. सुट्टीभर गाडी भिंतीला उभी, आणि चाक टणक. तू स्टिअरिंगवर बोट आपटत सांगितलंस, "आबा आहेत, हवा जाते. आबा नाहीत, हवा जात नाही. यापेक्षा सरळ प्रयोग सांग." विज्ञानात मी तुझ्यापुढे कायमच कच्ची. पण मला ते आवडत नव्हतं, उषा. चाकाचं नाही, तुझं. तू सगळ्या गल्लीला हाका मारत जाणारी बाई, आणि दाराबाहेर पडताना तुझे खांदे आखडायला लागले होते. आपलं वाईट व्हावं असं कुणालातरी वाटतंय, हे घेऊन तू रोज निघत होतीस. ते मला बघवत नव्हतं.

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते आपण दोघींनी पुरेसं बघितलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तुझी गाडी आडवी येत होती. हँडब्रेक सोडून ती ढकलायला पुढे झाले ते आबाच. तू स्ट्रेचरवरून ते पाहिलंस. मला वाटलं होतं, तुझं लक्ष नसेल.

बारामतीच्या दवाखान्यात, दुपारी, नळ्या लावलेल्या हाताने तू माझी बोटं धरलीस आणि विषय काढलास तो कशाचा, तर टायरचा. मला हसू आलं होतं. तू हसली नाहीस.

"शैले, मी पोरांना वर्गात पुरावा मागते. आबांना मी जे बोलले त्याला पुरावा होता का गं?"

"दिवाळीचा होता ना."

"हां. पण गाडी ढकलताना मी त्यांचं तोंड बघितलं." जरा थांबून, दम घेऊन तू म्हणालीस, "तू शोधून काढ. त्यांनीच केलं असेल तर राहू दे, मला काही सांगायला येऊ नकोस. पण केलं नसेल, तर जा आणि माफी माग. उषाबाईंचं चुकलं असं निरोप दिल्यासारखं नको. आबा, माझं चुकलं, असं म्हण. माझ्या तोंडचं म्हणून म्हण."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? बरी होऊन तूच जा, असंही म्हटलं. तू डोळे मिटून मान हलवलीस. अशी मान तू खोटं बोलणाऱ्या पोरांपुढे हलवायचीस.

तुझं तेरावं झालं आणि अनुजा म्हणाली, "मावशी, आईची गाडी मी पुण्याला नेते. विकायची नाही." शहाणी आहे तुझी लेक. तुझ्यासारखीच ओठ मुडपून रडते, आवाज न करता. "पण आई त्या टायरला वैतागली होती ना? तो बघून घेऊया, मग निघते." गाडी गेली की माझा तपास संपला, आणि तुझी माफी माझ्याकडेच राहिली.

आम्ही दोघी गाडीपाशी गेलो. तू दवाखान्यात गेल्यापासून ती तिथेच, भिंतीला लागून उभी होती. काचांवर धूळ, वायपरमध्ये कडुनिंबाची पानं. मी वाकून मागच्या डाव्या चाकाला हात लावला. उषा, चाक टणक होतं. इतके दिवस गाडी तिथे होती, आबा घरातच होते, तूही ओरडायला नव्हतीस, आणि हवा तसूभर गेलेली नव्हती.

मी तिथेच भिंतीला टेकले. दिवाळीत आबा नव्हते हे तू पाहिलंस. पण दिवाळीत सुट्टी होती, आणि गाडी जागची हललीच नव्हती, हे तू पाहिलं नाहीस. मीही पाहिलं नाही. विज्ञानाच्या बाई, तुमचं एक निरीक्षण राहिलं. हवा आबांमुळे जात नव्हती. गाडी चालली की जात होती.

तरी मी लगेच आबांच्या गेटाकडे गेले नाही, तुझ्या धाकाने. तू विचारलं असतंस, मी गेले म्हणून लाजेने त्यांनी हवा सोडायची बंद केली असेल तर? म्हणून अनुजाला म्हटलं, "चल, गाडी कळंबला घेऊन चल. आत्याबाईही तुला भेटायचं म्हणतायत." आबा गेटात उभे होते. आमच्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. आबा मागे इंदापुरात राहिले आणि आम्ही निघालो. अनुजा तुझ्यापेक्षा बरी चालवते, रागावू नकोस. कळंबला अंगणात उतरून मी आधी चाकाला हात लावला. ते मऊ पडलं होतं.

मला इतका आनंद झाला, की मी अनुजाला मिठी मारली. तिला वाटलं, मावशीचं डोकं फिरलं. बसलेल्या टायरसाठी कोण मिठी मारतं?

मग कपडे धुवायच्या साबणाचं पाणी केलं. मी पदर खोचून खाली बसले आणि सगळ्या टायरला, रिमच्या कडेला, हाताने फेस लावत गेले. कुठेच काही नाही. व्हॉल्व्हलाही लावला, तिथेही काही नाही. शेवटी अनुजा वाकली आणि म्हणाली, "हे काय अडकलंय इथं?" व्हॉल्व्हच्या मानेला चिखलाने माखलेलं काहीतरी लोंबत होतं. तिने बोटाने ते ओढलं, व्हॉल्व्ह जरा वाकला, आणि त्याच्या मुळाशी फेसाचा हा एवढा बुडबुडा फुगला. सोडलं, बुडबुडा थांबला. पुन्हा ओढलं, पुन्हा फुगला.

"त्येला हात लावू नगंस गं पोरी," ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या. "मीच बांधलाय त्यो."

काळा दोरा होता, उषा. त्यात एक बिबा आणि घोड्याच्या नालेची जाड लोखंडी कडी. तू बाहुली परत दिलीस, मग आत्याबाईंनी ताट हातात घेऊन गाडीभोवती फेरी मारली. दोरा बांधायला कुठे काही बाहेर आलेलं दिसेना, म्हणून चाकाला होती ती एक नळी त्यांनी धरली. डावीकडची, मागची, म्हणजे तुला दिसायला नको. गाडी पळायला लागली की चाकाबरोबर ती कडी गरागरा फिरायची, नळीला बाहेर ओढत राहायची, आणि मुळाशी रबर चिरत जायचं. गाडी थांबली की कडी खाली लोंबायची आणि चीर मिटायची. दत्तूच्या टाकीत चाक बुडवलं तेव्हा ती मिटलेलीच असायची.

"आत्याबाई, या दोऱ्यामुळं हवा जात होती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. "मला काय म्हाईत? लेकरू रोज एवढं लांब जातंय, त्येला कुणाची नजर लागू नये म्हनून बांधलं." ओट्यावरून उतरून त्या आल्या, हळूहळू खाली बसल्या आणि स्वतःच्या नखांनी ती गाठ सोडवायला लागल्या. मी कात्री आणते म्हटलं तर नको म्हणाल्या. गाठ सुटल्यावर कडी तळहातावर घेऊन त्यांनी तिचा चिखल पदराने पुसला. "जिला जपायचं तीच ऱ्हायली न्हाय. आता काय करायचं ह्याचं?"

अनुजा त्यांच्या शेजारी मातीतच बसली. "मला द्या आज्जी. पण चाकाला नको बांधू."

आता ती कडी तुझ्या गाडीच्या किल्लीला आहे. दोरा धुऊन, बिब्यासकट. तू असतीस तर तुझ्या लेकीला चांगलीच सुनावली असतीस. आत्याबाईंसमोर मात्र नसतीस सुनावली, हे मला माहीत आहे.

व्हॉल्व्ह बदलायला दत्तूकडे गेलो. मी त्याला दोरा दाखवला. "दत्तू, हा तुला दिसला नव्हता का रे?"

"दिसला की. सोडल्याबिगर व्हॉल्व्ह निघतोय व्हय?"

"मग?"

"मग काय, नवीन व्हॉल्व्ह बसिवला आन् परत बांधला. दोन्ही बारीला. गाठबी तशीच मारली बघा, निरगाठ." त्याला वाटत होतं, मी त्याचं कौतुक करीन. "म्हनलं, मॅडमची श्रद्धा आसंल. आपण कशाला त्यात पडा?"

मॅडमची श्रद्धा. उषा, मी हसायला लागले. तुझी श्रद्धा! ग्रहण बघत वर्गासमोर उभी राहून मुद्दाम केळं खाणारी तू. दत्तूच्या दुकानातल्या त्या तेलकट बाकावर बसून मी हसत होते, आणि हसता हसता केव्हा रडायला लागले ते समजलं नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मोकळं, नाक गळेपर्यंत. दत्तूने पाण्याची बाटली पुढे केली आणि तो बिचारा पाठ करून चाक फिट करत राहिला. घसा दुखायचा थांबला तो तिथे.

मग राहिलं ते काम.

संध्याकाळी गाडी पुन्हा इंदापूरला आणली. गटारामुळे जागा नव्हती. अनुजाने जरा लांब, गल्लीच्या तोंडाशी लावली, आबांच्या भिंतीला लावायचा तिला धीर होईना. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी गेटातून आत गेले. इतकी वर्षं मुलांसमोर बोलणारी मी, आणि तुझे तीन शब्द मनात घोकत होते.

"आबा, मी उषाची मैत्रीण."

"वळखतो की. बसा."

मी बसले नाही. तू सांगितलं होतंस तसंच म्हटलं. "तिचा एक निरोप आहे. तिच्या तोंडचं म्हणून ऐका. आबा, माझं चुकलं."

मग मी सगळं सांगितलं, दवाखान्यातलं, दिवाळीचं, कळंबचं, आत्याबाईंच्या दोऱ्याचं. दोऱ्याचं नाव निघालं तशी त्यांनी मान वर केली.

"आत्ता बया, त्येच्यानं व्हय? त्यो तर मला रोज दिसायचा भरताना. म्हनलं, बाईंनी बांधला आसंल."

"काय भरताना?"

"हवा."

आबांनी हाताने भिंतीकडे दाखवलं. तिथे पायरीशी, पोत्याखाली, पायाने दाबायचा पंप होता. "सकाळी झाडताना ते चाक दिसायचं बसल्यालं. तुमी दोघी बायका, उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता. आडमार्गाला टायर बसला म्हंजे? म्हनून बाई उठायच्या आत मारायचो चार पंप. आवाज हुतो जरा, त्या दिशी जाग आली त्यास्नी. पंप जागंवर ठिवून चाक दाबून बघत हुतो, तवर त्या आल्या."

म्हणजे तू सूड म्हणत होतीस ना, उषा, त्या दिवसानंतर टायर लवकर बसायला लागला म्हणून, ते असं होतं. आबांनी हवा सोडायला सुरुवात केली नव्हती. भरायची बंद केली होती.

"आबा, मग तिला सांगितलं का नाही?"

"सोडताय का म्हनून इचारलं त्यांनी." आबा पंच्याने तोंड पुसत होते. "आता आसं इचारल्यावर, भरतोय म्हनून कसं सांगायचं? खोटंच वाटलं आसतं."

दाराबाहेर अनुजा उभी होती, तिने ऐकलं होतं. ती आत आली आणि आबांच्या पायाशी वाकली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही. मग मला म्हणाले, "ते परत म्हना की एकदा. बाई काय म्हनल्या त्ये."

"आबा, माझं चुकलं."

त्यांनी गाडी नसलेल्या भिंतीकडे पाहिलं, जसं कुणी तिथे उभं आहे. "ऐकलं बाई," ते म्हणाले. "जावा निवांत."

मग अनुजाकडे वळून, नेहमीच्या कुरकुरीच्या आवाजात, "आन् तू गं, गाडी तिकडं कशाला लावलीस? हितं लाव, भिंतीला. आईची जागा हाय ती."

रात्री मी तुझ्याच घरी राहिले. सकाळी तुझ्या खिडकीशी चहा घेत उभी होते. आबा अंगण झाडून झाल्यावर भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत शिरले, उकिडवे बसले आणि मागच्या डाव्या चाकाला अंगठ्याने दाबून बघायला लागले. एकदा, मग पुन्हा एकदा. मान वर करून त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"भरल्यालं हाय," ते म्हणाले.

मी मान हलवली. मागून अनुजा किल्ली शोधत आली. आम्ही दोघींनी तिचं सामान गाडीत ठेवलं. आबांनी तो पायपंप आणून न विचारता डिकीत टाकला.